आवाज पडतो ती बाजू

सुजित, वायरलेस सेट जरा बारीक कर. बंद नको, बारीक. राजसी, ती यागी अँटेना भिंतीला टेकवून ठेव. वाऱ्यानं पडली तर मोजपट्ट्या वाकतील.

तुम्ही मघाशी विचारलंत ते बरोबर आहे. लांबून दिशा चांगली मिळते, पण लपवलेल्या ट्रान्समीटरच्या अगदी जवळ गेलं की सिग्नलची सुई चहूकडे फुल दाखवते. मग काय करायचं? याचं उत्तर मी आजवर एकालाच शिकवलं. मोरिवलीच्या भूपेशला. रविवारच्या स्पर्धेआधी तुम्हालाही शिकवतो. पण त्याचं काय झालं ते ऐका, मग शिकायचं की नाही ते ठरवा. हॉस्पिटलात मी त्याच्या उशाशी बसलो होतो. त्यानं सांगितलं तसंच सांगतो.

शनिवार होता. अठरा नोव्हेंबर, दोन हजार तेवीस. दुपारी भूपेश उल्हासनगरला केबल आणायला गेला. खिशात लोहचुंबक घेऊन जा, हे मीच त्याला सांगितलेलं. आतली तार चुंबकाला चिकटली की समजायचं, वर नुसतं तांब्याचं पाणी आहे, आत लोखंड. दुकानदार हसला. "अरे भाई, सोना लेने आया है क्या?" पण चांगला माल काढून दिला. भूपेशनं दहा मीटर केबल घेतली, दोन कनेक्टर घेतले, आणि संध्याकाळी गच्चीवर बसून यागी बनवली. पीव्हीसीचा पाइप, त्यावर पत्र्याच्या मोजपट्टीचे तीन तुकडे. तुमच्यासारखीच.

ती कशासाठी हवी होती, तर तीन आठवडे आमच्या हॅम रेडिओच्या फ्रिक्वेन्सीवर रात्री कोणीतरी बोलायचं बटण दाबून धरत होतं. बरोबर दोन चाळीसला. आधी नुसती शांतता. मग श्वास. मग काहीतरी आपटल्याचा आवाज... धप्प. धप्प. भूपेशनं मोजले होते. अकरा. मग बंद.

मला वाटलं, एखाद्या कंपनीच्या वॉचमनकडचा स्वस्तातला वॉकीटॉकी असेल, चुकून आपल्या बँडवर लावलेला. मी म्हटलं, "भूपेश, जागा नक्की कर. मग लेखी तक्रार देऊ."

मी म्हटलं. हे विसरू नका.

त्याचा एक दोस्त होता, संतोष. इथलाच, बेलवलीचा. अंबरनाथ एमआयडीसीतली शिफ्टची माणसं रिक्षानं ने-आण करायचा. दोघं शाळेपासून एकत्र. भूपेशनं त्याला म्हटलं, "रात्री रिक्षा दे ना थोडा वेळ. दोन ठिकाणांहून दिशा घ्यायची आहे. दोन रेषा जिथं मिळतील, तिथं तो सेट."

संतोष म्हणाला, "कसला सेट?"

भूपेशनं सगळं सांगितलं. दोन चाळीस. श्वास. अकरा आवाज.

संतोषनं रिक्षाची किल्ली खिशात टाकली. मग म्हणाला, "रिक्षा कशाला देऊ? मीच येतो. बघू तरी कोण आहे हरामखोर."

दोन रात्रींत दोन रेषा घेतल्या. रविवारी एक भूपेशच्या गच्चीवरून, सोमवारी एक रिक्षा स्टँडवरून. नकाशावर त्या मिळाल्या ती जागा म्हणजे मोरिवलीच्या पाठची रंगाची जुनी कंपनी. आठ वर्षं बंद. त्या जुलैत तिथं तांब्याची चोरी झाली होती. ट्रान्सफॉर्मर फोडून तांबं नेलं, आणि धोंडिबा नावाच्या म्हाताऱ्या वॉचमनला मारून टाकलं. कसं मारलं तेही ऐका. आधी दोन्ही गुडघे फोडले, पळू नये म्हणून. मग हात. मग जबडा. डोकं शेवटी. चोर सापडले नाहीत. त्याचा वॉकीटॉकीही सापडला नाही.

तर मंगळवारची, एकवीस तारखेची रात्र. म्हणजे तारखेनं बुधवार लागलेला. दोन वीसला दोघं कंपनीच्या मागच्या भिंतीशी उतरले. चंद्र केव्हाच बुडालेला. संतोषनं सीटखालून चाक खोलायची टॉमी काढली. लोखंडाची, हातभर लांब.

"ही कशाला?" भूपेशनं विचारलं.

"कुत्रे असतात."

भिंतीला एक भगदाड होतं. आतलं गवत कमरेएवढं. संतोष पुढं चालत होता. भूपेश मला म्हणाला, "काका, मी टॉर्च पाडत होतो, पण त्याला लागतच नव्हती. कुठं खड्डा, कुठं पायरी, सगळं पाठ असल्यासारखा चालत होता." तेव्हा भूपेशच्या ते ध्यानात आलं नाही. नंतर आलं.

ट्रान्सफॉर्मरची खोली. छप्पर अर्धं उडालेलं. खोलीच्या मधोमध पाण्याची टाकी, जमिनीत खोल, तळाला काळा गाळ.

दोन चाळीस.

सेट बोलला.

शांतता आधी. मग श्वास. यागी जिकडं फिरवावी तिकडं सुई फुल. म्हणजे फार जवळ. भूपेशला मी शिकवलेलं आठवलं. यागी खाली ठेवायची. तिची केबल सेटवरून काढायची. सेट छातीशी धरायचा आणि जागेवर हळूहळू गोल फिरायचं. माणसाचं अंग सिग्नल अडवतं. जिथं आवाज सगळ्यात जास्त पडतो, म्हणजे बारीक होतो, तिथं थांबायचं.

तो तुमच्या पाठीमागे असतो.

भूपेश फिरला. आवाज मोठा... मोठा... आणि पडला.

त्यानं मान वळवली. पाठीमागे संतोष उभा होता.

"तू जरा सरक रे," भूपेश म्हणाला. संतोष सरकला. पार दुसऱ्या कोपऱ्यात गेला. भूपेश पुन्हा फिरला. मोठा... मोठा... पडला.

पाठीमागे संतोष.

"काय झालं?" संतोषनं विचारलं. "कुठून येतोय? बोल ना. कोणाकडे आहे सेट?"

भूपेश पुन्हा वळायला लागला. आणि तेवढ्यात सेटमधून माणूस बोलला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. म्हातारा आवाज. तोंडात रक्त भरल्यासारखा, घोगरा.

"संत्या... मारू नको रे... मी नाय सांगनार कोनाला..."

भूपेशनं संतोषकडे पाहिलं. टॉर्च त्याच्या तोंडावर होती. तोंड पांढरंफटक.

"संत्या?" भूपेश म्हणाला. "तू?"

"मी फेकला होता तो," संतोष म्हणाला. "या टाकीत. माझ्या हातानं. कोणी काढला? तू काढलास? तू खेळतोस माझ्याशी?"

"अरे मी कशाला..."

पहिली टॉमी भूपेशच्या उजव्या हातावर बसली. हाड मोडल्याचं त्याला आधी ऐकू आलं, मग दुखलं. सेट पडला. टॉर्च पडली. दुसरा फटका खांद्यावर. भूपेश भिंतीशी कोसळला. संतोष वर उभा. टॉमी दोन्ही हातांनी डोक्यावर उचललेली. शाळेपासूनचा दोस्त. रडत होता, म्हणे. रडत म्हणत होता, "माफ कर भूप्या, पोरं लहान आहेत माझी."

टॉमी खाली आली नाही.

भूपेशनं डोळे उघडले. संतोष टॉमी खेचत होता. दोन्ही हातांनी. मागून कोणी धरून ठेवावी तशी.

टॉर्च विझली.

"कोण आहे? सोड... सोड भेंचो..."

धप्प.

असं ओरडलेलं माणूस मी ऐकलं नाही, भूपेश म्हणाला. गुडघा फुटल्यावर तसं ओरडतात.

धप्प. दुसरा गुडघा.

"धोंडिबा... नाय... मी एकटा नव्हतो... मी एकटा..."

धप्प.

धप्प.

मग जबडा गेला असावा. कारण पुढं शब्द नव्हते. नुसतं... तसं.

भूपेश मोजत होता. मोजायचं नव्हतं त्याला. पण मोजलं जात होतं. सात. आठ. तोंडावर काहीतरी गरम उडालं. नऊ. तो डाव्या हातानं सरपटायला लागला. दहा. उंबरठा हाताला लागला.

मग बराच वेळ काही नाही.

...

अकरा.

गवतातून, भगदाडातून, रस्त्यावर. रात्रपाळीहून परतणाऱ्या दोन कामगारांनी त्याला पाहिलं. चारला तो हॉस्पिटलात होता.

पोलिसांना संतोष टाकीत सापडला. मी पाहिलं नाही, पण पंचनाम्याला जे होते त्यातला एक माझ्या ओळखीचा. तो आठवडाभर जेवला नाही. गुडघे, हात, जबडा, डोकं. जुलैत जसं होतं तसंच, त्याच क्रमानं. संशय भूपेशवरच आला, येणारच. पण त्याच्या उजव्या हाताचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, खांदा निखळला होता. डॉक्टरनं लिहून दिलं, हा माणूस चमचा उचलू शकला नसता. टाकीचा गाळ उपसला तेव्हा तळाशी धोंडिबाचा वॉकीटॉकी मिळाला. चार महिने रसायनात पडून आतून पार सडलेला. संतोषच्या फोनवरून बाकीचे दोन चोर सापडले. ते आत आहेत.

भूपेशनं लायसन्स परत केलं. हात वाकडाच बसला. आता तो कपड्यांच्या दुकानात आहे. सेटचं नाव काढलं तरी उठून जातो. आणि मी? मी म्हटलं होतं ना, जागा नक्की कर. रात्री झोप लागायला मला वर्ष गेलं.

नाही राजसी, अजून संपलं नाही.

भूपेश हॉस्पिटलात होता तेव्हा त्याची बायको, उन्नती, माझ्याकडे आली. हातात त्याची लॉगबुक होती. तुमच्याकडे असते तशीच. कोणाशी बोललो, किती वाजता, सिग्नल कसा होता. ती म्हणाली, "काका, हे काय आहे बघा. त्या रात्री ही वही कपाटात होती. कपाटाला कुलूप. घरात मी आणि सासूबाई, दाराला आतून कडी."

मी पान उघडलं. एकवीस तारखेची भूपेशची शेवटची नोंद रात्री दहाची, इंग्रजीत, त्याच्या बारीक अक्षरात. तिच्याखाली दोन ओळी होत्या. मराठीत. मोठं, थरथरतं अक्षर, पेन्सिल दाबून दाबून लिहिलेलं. कमी शिकलेला माणूस गेटच्या रजिस्टरात लिहितो ना, तसं.

२.२० – आत गेले, २.

२.५५ – बाहेर गेले, १.