तळवड्याची तिसरी प्लेट

ही गोष्ट घडलेली आहे. पटवून घ्यायची की नाही ते तुमचं तुम्ही बघा. पण ज्यांच्यावर ती गुदरली ते माझे सख्खे थोरले मामा, आणि उगाच बाता मारणाऱ्यांतले ते नव्हते.

साल १९५६. चैत्र महिना. गाव तळवडे.

आणि रात्र नव्हती. भर दुपार होती.

मुरारीमामांचा चिंचवडला फोटोचा धंदा होता. त्या वर्षी त्यांनी मोठ्या हौसेनं पुण्याहून नवा कॅमेरा आणला होता. रोलचा, गळ्यात अडकवायचा. बटण दाबलं की काम झालं. पण गिऱ्हाईक त्याच्याकडे ढुंकून बघेना. "एवढ्याशा डबीतनं काय फोटू निघनार?" म्हणायचे. सगळ्यांना ती जुनी लाकडी पेटीच हवी. तीन पायांवर उभी राहणारी, मागे काळं फडकं असलेली. तिला लागणाऱ्या काचेच्या प्लेटा पुण्यातसुद्धा मिळेनाशा झाल्या होत्या.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांच्या डोक्यावर एकदा ते सोनं वाहायला दिलं पाहिजे, असं मामा चिडून म्हणायचे.

तळवड्याच्या उद्धवरावांनीही तोच हट्ट धरला. त्यांची पहिली बायको गवरा बाळंतपणात गेली होती. तिचा फोटो मामांनीच तीन वर्षांपूर्वी त्या पेटीतून काढला होता. आता घरात दुसरी आली होती, छबू.

"हिचाबी त्याच पेटीतनं काढा, मुरारीराव. तेवढाच मोठा. गवराच्या शेजारी लावायचाय."

शिल्लक होत्या तेवढ्या तीन प्लेटा घेऊन मामा बैलगाडीनं गेले. पडवीच्या तोंडाशी खुर्ची मांडली, मागे जाजम टांगलं. छबू येऊन बसली. विशीची पोर, घाबरट.

तिच्या गळ्यात सवतीचा टाक होता.

पहिली गेली की दुसरीच्या गळ्यात तिच्या नावानं घडवलेला चांदीच्या पत्र्याचा टाक बांधतात. सणावाराला हळदकुंकू आधी त्या टाकाला, मग हिला. छबूनं तो लग्नापासून आंघोळीलाही उतरवला नव्हता.

मामा फडक्यात शिरले. त्या पेटीच्या मागे दुधी काच असते, तिच्यावर सगळं उलटं दिसतं. माणसाचं डोकं खाली, पाय वर. छबूही तशीच दिसत होती, आणि तिच्या गळ्यातला टाक उन्हानं असा चमकत होता की चेहरा धड दिसेना.

पहिल्या प्लेटेला छबूनं टाक झाकायला हात वर नेला. प्लेट वाया.

दुसऱ्या खेपेला मामा भिंगाचं झाकण काढून तीनपर्यंत मोजत असतानाच उद्धवराव मधे बोलले, "गवरासारखी बस. ताठ."

पोरगी दचकून हलली. तीही वाया.

आता एकच उरली. फडक्याखाली घामाच्या धारा लागल्या होत्या. नवा कॅमेरा चालला असता तर मामा एव्हाना घरी जेवून आडवे झाले असते. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तो टाक काढून ठेवा," ते म्हणाले.

उद्धवरावांची आई, ठकुबाई, उंबऱ्यात बसली होती. "न्हाई बाबा. गवरा हाय ती. तिला उतरवायची न्हाई."

"दोन मिनिटांचं काम आहे, आजी. जमत नसेल तर मी चाललो. पुन्हा बोलवू नका."

आपण काय सांगतोय हे मामांना चांगलं ठाऊक होतं. न कळून झालेली चूक नव्हती ती. त्यांना फक्त तो फोटो एकदाचा उरकायचा होता.

उद्धवरावांनी मान हलवली. छबूनं टाक काढून सासूच्या हातात दिला. मोकळ्या गळ्यावरून हात फिरवला आणि त्या दिवसात पहिल्यांदाच हसली.

मामा पुन्हा फडक्यात शिरले. चमक गेली होती. खुर्ची उलटी. जाजम उलटं. छबू उलटी...

आणि तिच्या शेजारी कुणीतरी सरळ उभं होतं.

डोकं वर. पाय खाली. तोंडावर पदर.

मामांनी फडकं झटकून बाहेर पाहिलं. खुर्चीत छबू. शेजारी कुणीच नाही.

ते परत आत शिरले...

ती बाई आता खुर्चीला टेकली होती.

शहाणा माणूस तिथंच थांबला असता. मामा थांबले नाहीत. ऊन लागलंय, असं स्वतःला बजावून त्यांनी शेवटची प्लेट सरकवली. प्लेट घातली की काच झाकली जाते, मागून काही म्हणजे काही दिसत नाही.

ते पुढे आले. भिंगावरचं झाकण काढलं.

"एक..."

चिंचेवरचे कावळे गप्प झाले.

"दोन..."

विहिरीवरच्या मोटेची कुरकुर थांबली.

"तीन."

हे मामा बोलले नव्हते.

बाईचा आवाज होता. मागून आला होता... पेटीवर लोंबणाऱ्या त्या काळ्या फडक्याच्या आतून.

झाकण कसं बसवलं ते मामांना कधीच आठवलं नाही. बाकी कुणाला काही ऐकू आलं नव्हतं. मोट पुन्हा कुरकुरायला लागली. ठकुबाईनं घाईघाईनं टाक सुनेच्या गळ्यात बांधला. छबू खाली बघत बसून राहिली.

चिंचवडला येऊन मामांनी प्लेट धुतली. फोटो अगदी स्वच्छ आला होता. जाजमाची नक्षी, खुर्चीचं वेताचं विणकाम, सगळं.

खुर्ची रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मामा सायकल मारत तळवड्याला गेले. छबू ओट्यावर ज्वारी निवडत होती. मामांचा जीव भांड्यात पडला.

"वहिनी, कालची प्लेट खराब निघाली. नव्या कॅमेऱ्यावर दुसरा काढून देतो."

तिनं सुपातून नजर काढली नाही.

"दुसरा कशापायी, मुरारीभाऊ? माझा फोटू हाय की भितीवर."

भिंतीवर एकच फोटो होता. गवराचा.

उद्धवराव दारातच उभे होते. त्यांनी ते ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं, आणि मामांना त्याचीच जास्त भीती वाटली.

ठकुबाई मात्र फाट्यापर्यंत मागे आली.

"रातीपासनं गवराच बोलतीया तिच्या तोंडनं. गवराला न् मलाच ठावं त्येबी सांगती. गवरा आली ती आली, बाबा. पर आमची छबू कुठं हाय? लई भित्री पोर हाय ती. तुझी पेटी घिऊन ये. त्या काचेत बघ, कुठं उभी दिसती का."

"उद्या येतो," मामा म्हणाले.

ते गेले नाहीत.

ठकुबाईनं दोनदा निरोप धाडला. दोन्ही वेळा मामा घरात असून घरात नव्हते. ती पेटी त्यांनी पुन्हा उघडली नाही. पुढे लोकच नवा कॅमेरा मागू लागले, धंदा उत्तम चालला, आणि मामांना त्याचं काही सुख लागलं नाही.

हे त्यांनी मला सांगितलं ते जाण्याआधी आठ दिवस. बोलताना ते चिडलेले होते. पेटीवर नाही, उद्धवरावांवरही नाही.

"एकदा बघायला माझं काय जात होतं?" असं पुन्हा पुन्हा विचारत होते.