दोरीवर निजलेले दगड

ते वर्ष होतं १९६४. त्या उन्हाळ्यात भिंगरीला अकरावं लागलं होतं, पुढचे दोन दात वाकडे आले होते, आणि लाल लाकडी मुठींची कोरी करकरीत दोरी मिळाली होती. या तिन्हींत तिच्या लेखी महत्त्वाची होती ती दोरी. गाडीतून उतरल्या उतरल्या तिने फलाटावरच उड्या मारायला सुरुवात केली.

"अगं, कुणाच्या तरी नाकावर बसेल ती!" दादा ओरडला. दादा तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. नुकताच चष्मा लागल्यामुळे जगातलं सगळं आपल्याला दिसतं अशी त्याची समजूत होती.

"बसू दे की! नाक असतंच कशाला?" न्यायला आलेल्या मामाच्या मागून आवाज आला. ही रेडिओ, मामाची मुलगी. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं. एकदा सुरू झाली की बंद करायची खुंटी कुणालाच सापडत नसे.

आणि मामा! उंच, किडकिडीत, कोटाच्या खिशात सदैव काहीतरी खुळखुळणारं. वस्तुसंग्रहालयातली वाद्यांची खोली तो सांभाळायचा. गाडी चांगलीच उशिरा आली होती, पण मामाच्या चेहऱ्यावर कंटाळा म्हणून नव्हता.

"घरी जायच्या आधी संग्रहालयात डोकावायचं का?" त्याने विचारलं. "उद्या प्रदर्शनाचं उद्घाटन आहे. आणि अंगणात माझे दगड वाळत घातलेत!"

"दगड वाळत घातलेत?" भिंगरीची दोरी थांबली.

"जाग्यावर बसून बुरशी धरली होती त्यांना. सकाळी आंघोळ घातली, आता ऊन खातायत."

वाटेत मामा बोलत होता आणि तिघं त्याच्या लांब ढांगांबरोबर धावत होती.

"मामा, जगातलं पहिलं गाणं कुणी म्हटलं?"

"मला विचारशील तर एखाद्या आईने, बाळ झोपेना म्हणून. पण सांगणार कोण? गाणं काही मातीत टिकत नाही. टिकतात ती वाद्यं. गुहांमध्ये बासऱ्या सापडल्यात, गिधाडाच्या पंखाच्या हाडाच्या. हजारो हजार वर्षांपूर्वीच्या! शेती नव्हती, चाक नव्हतं, मडकं नव्हतं, पण बासरी होती!"

"म्हणजे जेवायची पंचाईत आणि यांना गाणं सुचतंय!" रेडिओ म्हणाली.

"तुला नाही का भरल्या तोंडी बोलायला सुचत? बरं, कुणाला वाळक्या भोपळ्यातल्या बिया खुळखुळताना ऐकू आल्या, त्याने ते खेळणं केलं. कुण्या शिकाऱ्याने धनुष्याची दोरी नुसतीच छेडली असेल. काही जण म्हणतात, तारांची वाद्यं तिथूनच आली. आणि दगड! कितीतरी देशांत गाणारे दगड सापडलेत. आमचे नऊ नदीकाठी निघाले. आधी सगळ्यांना वाटलं, धान्य भरडायचे वरवंटे असतील. मातीवर ठेवून ठोकले तर नुसतं ठक! पण दोन दोऱ्या समांतर पसरून त्यांवर आडवे ठेवा..." मामाने डोळे मिटले. "मग बघा."

अंगणात गवताच्या वळलेल्या दोन दोऱ्या समांतर पसरलेल्या होत्या. त्यांच्यावर काहीच नव्हतं.

मामा मटकन खाली बसला. मामाला असं बसलेलं भिंगरीने कधी पाहिलं नव्हतं.

मोठ्या साहेबांच्या खोलीत तर त्याहून वाईट झालं. साहेब लालबुंद होऊन येरझाऱ्या घालत होते. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून खाली काहीतरी अडकवलेलं होतं. आत शिरताना भिंगरीचा अंगठा त्यावर असा आपटला की डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण ओरडायची ती वेळ नव्हती.

"नऊच्या नऊ? उघड्यावर टाकून तुम्ही गेलात कुठे?"

"भाचरांना आणायला स्टेशनवर. गाडीला उशीर झाला, साहेब."

"उद्या बाहेरगावच्या विदुषी केवळ ते दगड ऐकायला येतायत! मी काय त्यांना रिकाम्या दोऱ्या दाखवू? आज संध्याकाळपर्यंत दगड परत आले नाहीत, तर खोलीच्या किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवा आणि घरी बसा!"

मामा पोलीस चौकीत चौकशी करायला गेला. कोट खुर्चीवरच राहिला.

तिघं समोरच्या बागेत येऊन बसली. वाटेच्या कडेने नवीन दगड बसवले होते. पाहुण्यांसाठी सगळं कसं चकचकीत!

"आपल्याला आणायला गेला म्हणून झालं," दादा हळूच म्हणाला.

रेडिओ काहीच बोलली नाही. त्यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते कळावं!

भिंगरीला बसून विचार करता येत नसे. ती उठली आणि उड्या मारू लागली. डोळ्यांपुढे सारखा मामाचा तो मटकन बसण्याचा क्षण येत होता. त्या नादात एक मूठ हातातून निसटली आणि समोरच्या छोट्या गटारावर टाकलेल्या लांबट, काळ्या दगडावर आपटली.

टण्ण्ण्!

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. दुपारच्या उन्हात तो आवाज कितीतरी वेळ रेंगाळत राहिला.

"परत!" दादा कुजबुजला. परत मूठ आपटली. परत टण्ण्ण्! कुणीतरी दगड डुगडुगू नये म्हणून त्याच्या दोन्ही टोकांखाली गोणपाटाच्या घड्या सारल्या होत्या.

मग तिघं कडेच्या दगडांवर तुटून पडली. ठक. ठक. ठक.

"बाकीचे साधे आहेत," दादाने चष्मा सावरत निकाल दिला. "शास्त्रीयदृष्ट्या..."

"शास्त्रीयदृष्ट्या तू गाढव आहेस!" भिंगरी ओरडली. "मातीत बसवलेत ना, म्हणून मुके झालेत! मामा काय म्हणाला? हा काळा उचल बघू!"

दोघांनी खणून तो दगड बाहेर काढला. भिंगरीने आपली दोरी दुमडून गवतावर समांतर पसरली, दगड आडवा ठेवला आणि लाल मुठीने हलकेच टोला दिला.

दगड गायला. पहिल्यापेक्षा उंच, पहिल्यापेक्षा गोड.

"ए पोरांनो! काय चाललंय?" समोर बागेच्या कामावरचे मुकादम उभे होते. एका हातात थापी, दुसऱ्या हातात कालवलेल्या सिमेंटचं घमेलं. "हटा तिथून! मला कडा पक्क्या करायच्यात."

"काका, हे संग्रहालयाचे दगड आहेत! हे गातात!"

"दगड गातात? मग हे घमेलं नाचत असेल!" मुकादम खो खो हसले. "मागच्या अंगणात पडलेले दगड उचल, असा साहेबांचा हुकूम होता. चांगले सपाट दगड दिसले, टाकून कशाला द्यायचे? एक गटारावर, बाकीचे कडेला. चला, बाजूला व्हा. सिमेंट कुणासाठी थांबत नाही."

एकदा सिमेंट बसलं की संपलंच! भिंगरीने रेडिओकडे पाहिलं. रेडिओने खोल श्वास घेतला आणि खुंटी पिळली.

"काका, एक विचारू? आमच्या शाळेची पायरी सारखी का हो फुटते? आमचे सर म्हणतात सिमेंटच वाईट असतं."

"सिमेंट वाईट?" मुकादमांनी घमेलं खाली ठेवलं. "हात वाईट असतो, पोरी, हात! वाळू धुऊन घेतली होती का?"

"धुवायची असते? साबणाने?"

"साबणाने! अरे देवा! इकडे ये, तुला दाखवतो."

वाळूच्या ढिगाशी उकिडवे बसून मुकादमांनी वाळू चाळायची कशी, पाणी किती घालायचं, भिंत ओळंब्याने सरळ कशी धरायची, सगळं सांगितलं. रेडिओने दर वाक्याला नवा प्रश्न काढला. इकडे भिंगरी आणि दादा कोपरापर्यंत मातीने माखून एकेक काळा दगड उपटत होते. आणि घमेल्यातलं सिमेंट उन्हात निवांत घट्ट होत होतं!

"माझी बाग!"

साहेब वाटेवर उभे होते. त्यांच्या मागे चौकीतून परतलेला मामा, हात रिकामे.

"कार्टी आहेत की डुकरं? कुणी सांगितलं हे उकरायला?"

तोंडाने सांगण्यात अर्थ नव्हता हे भिंगरीला कळलं. ती गुडघ्यांवर बसली. दोरीवर आठ दगड लांबीप्रमाणे ओळीने निजले होते. तिने लांब दगडापासून सुरुवात केली आणि एकेक टोला देत वर गेली.

साहेबांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मुकादम थापी हातात घेऊन उभे राहिले. वाटेने जाणारा पोस्टमन सायकलवरून उतरला.

मामा पुढे आला. गुडघे टेकून त्याने प्रत्येक दगडावरून हात फिरवला, ताप आलेल्या मुलाच्या कपाळावरून फिरवावा तसा.

"पण मधला एक नाही," तो म्हणाला. त्याने भिंगरीच्या हातातली मूठ घेतली आणि एक छोटीशी चाल वाजवली. दर वेळी एका जागी येऊन ती अडखळायची. पायरी चढताना पायाखाली पायरीच नसावी तशी! न शिकलेल्या कानांनाही ते भगदाड ऐकू येत होतं.

"बघा!" साहेबांना पुन्हा आवाज फुटला. "आठच! नववा कुठाय? बेजबाबदारपणा म्हणतात तो हाच!"

"आठच उचलले मी," मुकादम म्हणाले. "देवाशपथ!"

नववा कुठे? भिंगरीचा अंगठा ठणकत होता. तिने खाली पाहिलं. अंगठा सुजून टोमॅटोसारखा लाल झाला होता...

ती सुसाट पळाली. बागेतून वर, पायऱ्यांवरून आत. क्षणभराने साहेबांच्या खोलीचं दार धाडकन आपटल्याचा आवाज अख्ख्या संग्रहालयात घुमला. मग ती आली, पोटाशी एक काळा, लांबट दगड धरून, लंगडत, धापा टाकत.

"दाराखाली... अडकवला होता!"

साहेबांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. "तो... म्हणजे... दार फार आपटत होतं. मला वाटलं, बांधकामातले उरलेले दगड. त्यांतला एक मीच उचलला. चांगला वजनदार होता." त्यांनी मामाकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. "बाकीचे उचलायला सांगण्याआधी मी वाकून बघायला हवं होतं. चुकलं माझं."

"माझंही चुकलं, साहेब," मामा म्हणाला. "पाटी लावायला हवी होती. मला वाटलं, दगड कोण नेतंय!"

नववा दगड दोरीवर निजला. मामाने ती चाल पुन्हा वाजवली. या वेळी पायरी होती.

"भाचरं कुणाची आहेत!" मामा म्हणाला. एवढंच. पण त्याचा हात भिंगरीच्या डोक्यावर बराच वेळ होता.

"सगळं खरं," मुकादम घमेल्याकडे बघत पुटपुटले, "पण या सिमेंटचं काय करू आता?" त्यात थापी उभीच्या उभी रुतून बसली होती.

दुसऱ्या दिवशी त्या विदुषी आल्या. पांढऱ्या केसांच्या, काठी टेकत चालणाऱ्या. त्यांनी डोळे मिटून दगड ऐकले आणि विचारलं, "हे शोधून काढले कुणी?" साहेबांनी कालची हकीकत सांगत स्वतः तिघांना पुढे केलं. सगळ्यांदेखत बाई म्हणाल्या, "ज्यांनी हे दगड पहिल्यांदा वाजवले, त्यांचे कान असेच असणार. मुलांसारखे." दादाचा चष्मा अभिमानाने नाकावर चढला. रेडिओ चक्क लाजली.

त्याला आता खूप वर्षं झाली. साहेब निवृत्त होईपर्यंत वाटेतला प्रत्येक दगड वाकून बघत, आणि त्यांच्या दाराला लाकडी पाचर असे. मुकादमांनी शाळेची ती पायरी स्वखुशीने बांधून दिली. ती आजही शाबूत आहे. दादा कानांचा डॉक्टर झाला आणि म्हातारपणी स्वतःच कमी ऐकू लागला. रेडिओ शिक्षिका झाली. तिच्या वर्गात मुलांना बोलायला वाव मिळाला की नाही, कुणास ठाऊक! मामा शेवटपर्यंत त्या खोलीत होता. तो गेला तेव्हा त्याच्या कोटाच्या खिशात भोपळ्याच्या बियांचा खुळखुळा सापडला.

आणि भिंगरी? तिची दोरी तिला परत मिळालीच नाही. "राहू दे गं," मामा त्या दिवशी म्हणाला होता, "सवय झालीय त्यांना तिची." मागच्या वर्षी ती नातीला घेऊन तिथे गेली. काचेआड नऊ काळे दगड निजले होते, त्यांच्याखाली विटलेली दोरी, आणि टोकांना दोन मुठी, अजून थोड्या लाल.

"आजी, ही उड्यांची दोरी आहे!" नात म्हणाली. "ही इथे कशी काय आली?"

भिंगरीने काठी भिंतीला टेकवली, बाकावर बसली, आणि सांगायला सुरुवात केली.