शिबिरातला चष्मा

गिऱ्हाईक परत पाठवणारी चष्मेवाली म्हणून बारामतीत माझं नाव आधीच खराब आहे. भिगवण चौकाच्या अलीकडच्या गल्लीत माझं छोटं दुकान आहे. चाळिशीपुढचं कुणी "अचानक धुरकट दिसायला लागलंय" म्हणत आलं की मी आधी विचारते, शुगर तपासली का? नाही म्हटलं की समोरच्या लॅबकडे बोट दाखवते. रक्तातली साखर वाढली की डोळ्यातलं भिंग फुगतं आणि नंबर बदलतो. साखर उतरली की नंबर हळूहळू जागेवर येतो. मधल्या काळात केलेला चष्मा म्हणजे पाय सुजलेला असताना घेतलेली चप्पल. लोकांना हे पटत नाही. "बाई, तुमाला धंदा करायचाय का न्हाय?" असं तोंडावर विचारून जातात.

त्यामुळं माझे सख्खे वडील दुसऱ्याच कुणी दिलेला चष्मा नाकावर चढवून दुकानात शिरले, तेव्हा माझं टाळकंच सरकलं.

"आबा, हे काय घातलंय?"

"शिबिरात दिला. लय झ्याक दिसतंय, प्रगे."

आई श्रावणात गेली होती. पिंपळीच्या मळ्यात मिरची तोडता तोडता सरीत बसली, ती उठलीच नाही. आबांना मधुमेह तसा जुना, पण आईनं तो मुठीत ठेवला होता. ताटात काय वाढायचं ते तीच ठरवायची. तेराव्याला गोड झालं आणि मग दुखवट्याची जेवणं सुरू झाली. वडगाव निंबाळकरची आत्या पुरणपोळ्यांचा डबा घेऊन आली, इंदापूरचे मामा बासुंदीची किटली घेऊन आले, भावकीतल्या घराघरातून रोज कुणीतरी येतच होतं. दुखवट्याचं जेवण आणलेल्या माणसाला "मला साखर हाय" असं म्हणायचं नसतं. आणणाऱ्याच्या जिवाला लागतं. आबांनी ते कुणालाच म्हटलं नाही, समोर येईल ते मुकाट्यानं खाल्लं.

भाद्रपदात गावातल्या एका पुढाऱ्याचा वाढदिवस आला. शाळेत मोफत नेत्रतपासणी आणि चष्मेवाटप झालं. आबा रांगेत उभे राहिले. कुणी साखर विचारली नाही, कुणी तपासली नाही.

मी तो चष्मा मशीनवर लावून बघितला. आबांना लांबचा नंबर जन्मात नव्हता, आणि या काचा चांगल्या जाड लांबच्या होत्या. बोटाला टोचून साखर बघितली, ती चांगलीच चढली होती. त्याच दुपारी त्यांना डॉक्टरांकडे नेलं, इंजेक्शनं सुरू केली. घरी स्वरूपा वहिनीला, माझ्या भावाच्या बायकोला, सगळं समजावून सांगितलं.

"साखर उतरली की हा चष्मा टाकून द्यायचा," मी आबांना बजावलं. "मी माझ्या हातानं नवा करून देते."

"बघू," आबा म्हणाले. आबांचं बघू म्हणजे नाही.

दसऱ्याच्या सुमाराला साखर बरीच खाली आली. रविवारी मी पिंपळीला गेले. आबा वांग्याच्या प्लॉटच्या बांधावर, शेवग्याखाली बाज टाकून बसले होते. नाकावर तोच चष्मा.

"कोण? स्वरूपा?"

"मी प्रगती. सांगा बरं, किती बोटं?"

"तीन," आबांनी ठोकून दिलं.

मी हात वरच केला नव्हता.

"अहो, मग काढा की तो! दिसतं का त्यातून काही?"

आबांनी वांग्यांकडे तोंड केलं. "तुझी आई दिसती."

म्हातारी माणसं आठवणीला असंच म्हणतात. मी त्यांच्या शेजारी बसले, पाठीवरून हात फिरवला.

"तसं न्हवं गं," आबा म्हणाले. "ती बघ की. पाटाच्या कडंच्या सरीत. गवत काढती. बाकी समदं धुरकट, तीच तेवढी लख्ख."

सरीत कुणी नव्हतं. वांग्याची पानं हलत नव्हती.

"बोलते का काही?" मी विचारलं आणि लगेच स्वतःचाच राग आला.

"न्हाय. कामात हाय. मधनंच मान वर करून बघती, मी हितं हाय का न्हाय. मी असलो की परत खाली वाकती." थोडा वेळ ते बघत राहिले. मग अगदी सहज म्हणाले, "प्रगे, तिच्या डाव्या पायातल्या जोडव्याला हिरवा दोरा कशापायी बांधलाय गं?"

माझा हात त्यांच्या पाठीवर होता तिथंच राहिला.

आईला शेवटची आंघोळ घातली तेव्हा तिच्या पायाला सूज होती. पाय चोळताना डावं जोडवं निसटून माझ्या हातात आलं आणि काही केल्या बोटात बसेना. सवाष्ण गेलेली बाई, पाय मोकळा कसा सोडायचा? मी तिच्या नव्या हिरव्या चोळीच्या शिवणीतला दोरा दातानं तोडला आणि जोडवं बोटाला बांधलं. मग पाय लुगड्याखाली झाकले. पुरुष बाहेर अंगणात होते. त्या रविवारी परतताना मी वहिनीला विचारलं, त्या दोऱ्याचं तुम्ही कुणी आबांना बोललात का? ती तर आंघोळ घालायला माझ्या शेजारी होती. म्हणाली, "कसला दोरा, वन्सं?"

पाय झाकताना लुगडं वाऱ्यानं उडालं असेल, आबांनी दारातून बघितलं असेल, असं मी ठरवून टाकलं. काहीतरी ठरवल्याशिवाय मला झोप लागली नसती.

दिवाळीच्या आधी वहिनीचा फोन आला. साखर पुन्हा भडकली होती, आणि तिला कडब्याच्या गंजीत काकवीची बाटली सापडली होती. अर्धी संपलेली.

मी आबांना उचलून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. बाहुल्या मोठ्या करून त्यांनी दोन्ही पडदे तपासले. डोळ्याच्या मागं रक्त उतरायला लागलं होतं. आता इंजेक्शन, मग लेसर, आणि साखर ताब्यात. हे केलं नाही तर नजर जाईल, आणि गेलेली नजर परत येत नाही, असं त्यांनी आबांना समोर बसवून सांगितलं. आबांनी मान डोलावली. दुकानात आल्यावर म्हणाले, "मला काय बी करायचं न्हाय."

"काकवी का पिता, आबा?"

"साखर आनखी उतरली, तशी ती पुसट व्हत गेली. परवा तर नुसतं लुगडंच दिसलं."

"आणि डोळे गेल्यावर? मग काय दिसणार आहे?"

"तवर तर दिसंल."

"आई गेली. आता तुम्ही आंधळे होऊन बसा," मी ओरडले. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली तरी मला थांबता येईना. "माझा कुणी विचारच करू नका! मला एकच बाप आहे, कळतंय का तुम्हाला?"

आबा धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत राहिले.

"ती मान वर करून बघती गं," शेवटी हळूच म्हणाले. "मी तिकडं बघत नसलो तर तिला वाटंल, मी उठून गेलो."

माझ्या हातात कसब होतं. "स्क्रू ढिला झालाय, द्या इकडं," म्हणून मी चष्मा घेतला, आत गेले, शिबिरातल्या काचा काढल्या आणि त्याच फ्रेममध्ये बिननंबरच्या साध्या काचा बसवल्या. माझ्या धंद्यातलं हे सगळ्यात सोपं काम.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन आला.

"प्रगे, ती दिसत न्हाय."

"साखर कमी झाली असेल, आबा."

"काकवी पिऊन बसलोय. न्हायच दिसत. कुठंच न्हाय."

त्यांनीच फोन ठेवला.

त्यानंतर आबांनी कशालाच नाही म्हटलं नाही. डोळ्यात इंजेक्शन घेतलं, लेसर घेतलं, वहिनी वाढेल तेवढंच खाल्लं. थंडी पडेपर्यंत डोळे निवळले. दुकानात आले तेव्हा रस्त्यापलीकडच्या लॅबची पाटी त्यांनी चष्म्याशिवाय वाचून दाखवली. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "किती वाळलीस गं." मला रडू आवरेना. माझ्या बापाची नजर मी वाचवली होती.

पण पिंपळीला गेलं की दिसायचं, बाज तिथंच, शेवग्याखाली. आबा मात्र वांग्यांकडं पाठ करून बसलेले.

शिबिरातल्या काचा माझ्या ड्रॉवरमध्ये होत्या, आईच्या जुन्या चष्म्याशेजारी. तो चष्मा मीच तिला मेथी निवडायला करून दिला होता. त्याच्या काचांचं तिनं वाटोळं केलं होतं. मऊ फडकं दिलं तरी ते घडी घालून ठेवायची आणि धुळीच्या पदरानं गोल गोल पुसत बसायची. "ओरखडे पडतात गं आई," म्हणून मी दरवेळी तिच्या अंगावर जायचे. ती हसून पुन्हा पदरच घ्यायची.

संक्रांत झाली आणि मी त्या काचा कागदात गुंडाळून पिंपळीला नेल्या. पाटाच्या कडेला पुरून टाकायच्या, एवढंच मनात होतं. दुपारची वेळ. आबा बाजेवर डोळा लागून पडले होते.

कागद उघडला. काच हातात आली की ती डोळ्यापुढं धरायची मला सवयच आहे. दोन हातांत दोन काचा धरून मी बघितलं.

माझे डोळे चांगले आहेत, त्यामुळं व्हायला हवं तेच झालं. शेवगा, बाज, वांगी, सगळं धुरकट.

आई सोडून.

ती पाटाकडच्या सरीत उभी होती. गवत काढत नव्हती. कपाळावर हात आडवा धरून, डोळे बारीक करून ती बघत होती. माझ्या दुकानात रोज माणसं तसं बघतात.

तिला दिसत नव्हतं.

ती चाचपडत बांधावर आली. वांग्याच्या झाडांना हात लावत, अंदाज घेत. बाजेपाशी आली. तिचा हात आबांच्या छातीवरून हवेत फिरला आणि पुढं गेला. तोंड उघडत होतं, मिटत होतं. ती हाक मारत होती.

मी काचा खाली घेतल्या. बांधावर कुणी नव्हतं.

परत धरल्या.

ती माझ्या समोर उभी होती. डाव्या पायाच्या बोटाला हिरवा दोरा.

तिनं हात पुढं केला. तळवा वर करून. गिऱ्हाईक चष्मा मागतं तसा.

मी तडक बारामतीला आले. दुकान आतून लावून घेतलं आणि त्या काचांच्या कडा घासून त्या आईच्या फ्रेममध्ये बसवल्या. एकही ओरखडा पडू दिला नाही. दिवस मावळायच्या आत पुन्हा पिंपळीला जाऊन तो चष्मा शेवग्याखालच्या दगडावर ठेवला. घरी सगळ्यांना सांगितलं, याला कुणी हात लावायचा नाही. का, ते सांगितलं नाही. वहिनीनंही विचारलं नाही.

पुढच्या रविवारी आबा वांग्यांकडं तोंड करून बसले होते.

"दिसतं का काही?" मी विचारलं.

"न्हाय. कुणी न्हाय." त्यांनी टोपी सारखी केली. "पण बरं वाटतंय गं. बघतंय कुणीतरी."

आता ऊस तोडणीचे दिवस आहेत. रस्त्यानं दिवसभर ट्रॅक्टर जातात, पेटवलेल्या फडांची काजळी उडत येते. वांग्याची पानं, बाज, आबांची टोपी, सगळ्यावर राखाडी थर बसतो. मी दर रविवारी दगडावरचा चष्मा उचलून उजेडात धरते. धुळीचा कण नसतो.

काचांवर गोल गोल बारीक ओरखडे आहेत. दर रविवारी ते थोडे वाढलेले असतात.