ढवळ्याचा आवाज

बेल्ह्याच्या बैलबाजारात त्या दिवशी नीट उजाडलंच नाही. पौषातलं आभाळ खाली उतरून टपऱ्यांच्या पत्र्यांवर बसलं होतं आणि मधूनच बारीक भुरभुर येत होती. असल्या हवेनं कांद्यावर करपा पडतो, म्हणून बाजारातली माणसंही करपल्यासारखीच बोलत होती. इंद्रायणी चांगदेवाच्या चहाच्या टपरीत निमगाव सावाच्या जीपची वाट पाहत उभी होती. तिच्या पिशवीत आण्णांची औषधं होती आणि त्यांच्या गळ्यावर बांधायला मऊ सुती कापड.

शेजारी एक किडकिडीत तरुण कानाला हेडफोन लावून उभा होता. त्याच्या हातातल्या माईकला केसाळ टोपी घातलेली. समोर एक खोंड चारी पाय रोवून उभा होता, काही केल्या टेम्पोत चढेना. तरुणानं हेडफोन मानेवर उतरवला आणि घशातून असा काही हंबरला, की खोंडानं कान टवकारले, उलट हंबरून उत्तर दिलं आणि निमूट फळीवर पाय ठेवला.

इंद्रायणीला हसू फुटलं. किती दिवसांनी! तिचं तिलाच ते अनोळखी वाटलं.

"हसलात का?" तो म्हणाला. "सकाळपास्नं इथं बैल सोडून कुणी दाद दिली न्हाई."

"काय सांगितलंत हो भाऊ त्याला?"

"म्हटलं, चढ बाबा, खिडकीची जागा हाय. पण ते 'भाऊ' नका म्हणू बरं का... पुढं अडचण व्हईल."

"कसली अडचण?"

"ते पुढचं पुढं."

तिनं चहाच्या वाफेआड ओठ लपवले. कोण कुठला, आणि तोंड बघा कसं चालतंय! पण जीप अजून पाच मिनिटं आली नाही तरी चालेल, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

तेवढ्यात चांगदेव आतून ओरडला, "भरतराव, एकदा ढवळ्या होऊ द्या की! बाई, हे 'गोठा टीव्ही'वाले. लोणीचेच हायेत."

भरतनं छाती भरून घेतली. "थांबा रं... थांबाऽऽ! धुरळा बसू द्या, मंग माणूस दिसंल!"

इंद्रायणीच्या हातातला चहा हिंदकळून बोटांवर आला. तो आवाज आण्णांचा होता. खर्जातून वर चढणारा, 'रं'वर किंचित चिरकणारा. चौदा महिन्यांपूर्वी पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कापून काढला होता, तोच.

तिचे आण्णा म्हणजे निमगावचे दादाभाऊ. जुन्नर-आंबेगावच्या बैलगाडा शर्यतींच्या घाटांवर, म्हणजे शर्यतीच्या मैदानांवर, तीस वर्षं भोंग्यावरून गाडे पुकारलेला माणूस. एक गाडा गेला की धुरळ्यात बैल कळायचे नाहीत, की माणसं. पोरं मधेच धावपट्टीवर उतरायची. तेव्हा आण्णांची ती आरोळी यायची आणि हजारो माणसं जागच्या जागी थबकायची. गाठ घशात झाली. ऑपरेशन होऊन घरी आले त्या दिवशी आण्णांनी मोबाइलमधले आपले सगळे व्हिडिओ एकेक करून पुसून टाकले. आता ते पाटीवर लिहून बोलत. गळ्यावरच्या भोकातून श्वासाची शीळ येई. हसले तर नुसते खांदे हलत. पण हसणार कशाला?

आणि 'गोठा टीव्ही' तिच्या चौथीच्या वर्गाला तोंडपाठ होतं. दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता लागणारं कार्टून. त्यात गोठ्यातली जनावरं स्वतःचा चॅनेल चालवतात. कोंबडे बातम्यांतल्या चर्चेसारखे सगळे एकदम भांडतात. शेळी मालिकेतल्या सुनेसारखी वळून बघते, तेव्हा विजा कडाडतात आणि तेच तोंड तीन बाजूंनी दाखवतात. गाण्याच्या स्पर्धेत म्हैस परीक्षक होऊन रडते. आणि ढवळ्या बैल शर्यत पुकारतो. त्या शर्यतीत गाड्याला जुंपलेली असतात माणसं! इंद्रायणीनं वर्गात विचारलं होतं, "ही शेळी कुणाची नक्कल करते?" पोरांनी धडाधड मालिकांची नावं सांगितली. "आणि ढवळ्या?" सगळी गप्प. संस्कृती नावाची चुणचुणीत मुलगी म्हणाली, "तो कुणाची न्हाई, बाई. तो तसाच बोलतो."

मूळ कुणाला ठाऊकच नव्हतं. तिला ते फार लागलं. त्याच संध्याकाळी तिनं घरच्या डिशची वायर काढून ठेवली आणि आण्णांना सांगितलं, टीव्ही बिघडलाय.

"हा आवाज कुठून आणलात?" तिनं विचारलं.

भरत खुलला. "सात वर्षांचा असताना निमगावच्या जत्रंत हरवलो. पुकारणाऱ्या दादाभाऊंनी उचलून मला वर पुकारायच्या माळ्यावर घेतलं, मूठभर शेंगदाणे दिले. आई येईस्तोवर दोन तास त्यांच्या मांडीला टेकून बसलो. त्या दिवशी जो कानात बसला तो—"

"ते माझे वडील. त्यांचं स्वरयंत्र काढलंय. त्यांना बोलता येत नाही."

भरतचा हात माईकवरून खाली आला.

"शाळेतली पोरं ढवळ्याला हसतात. हे आण्णांच्या कानावर गेलं तर ते टिकायचे नाहीत. तेवढा आवाज बंद करा. मी... हात जोडते."

जीप आली. ती चढून बसली तेव्हा भरत पत्र्याबाहेर भुरभुरीत उभा होता आणि केसाळ टोपीतला माईक भिजत होता, याचंही त्याला भान नव्हतं.

पुढच्या तिसऱ्या शनिवारी ती अंगणात लसूण निवडत बसली होती. आण्णा फाटकातून आले ते तरातरा. गळ्यावरचं कापड धापेनं फडफडत होतं. त्यांनी पाटी तिच्यापुढं धरली: 'ढवळ्याचा आवाज का बंद केला?'

मागून शेजारच्या लंकाबाई पदर सावरत आल्या. "अगं, आज त्या बैलाच्या गळ्याला मफलर गुंडाळलेला, अन् पाटीवर लिहून दाखवत व्हता. ह्यांनी बघितलं अन् तडक उठले."

"आण्णा तुमच्याकडं टीव्ही बघतात?"

"दर शनवारी! सात वाजले की हजर. आवाज मोठा करायला लावत्यात अन् डोळे मिटून ऐकत्यात. तुला ठाव न्हाई व्हय?"

इंद्रायणीच्या मांडीवरचा लसूण घरंगळला. आपण ज्या गोष्टीपासून त्यांना जपत होतो, ती ते उशाशी घेऊन झोपत होते... "मीच सांगितलं त्या कार्टूनवाल्यांना," ती कशीबशी म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला लागेल."

आण्णांनी पाटी पुसली. लिहिलं: 'एकदा डॉक्टरनं कापला. आता तू.' आणि ती वाचते न वाचते तोच मनगटानं घाईघाईनं पुसूनही टाकलं.

चांगदेवाकडून नंबर मिळवून तिनं दुसऱ्या दिवशी फोन लावला.

"मी..."

"ओळखलं. बोलायच्या आधी तुमी एक मोठा श्वास घेता. रागावताना पण घेतलात."

"ढवळ्याला बोलतं करा. चुकलं माझं."

"आमचंबी चुकलं. आवाज बंद करायचा म्हणून ढवळ्याला पाटी दिली. तुमच्या घरात खरीच पाटी हाय, मला काय ठाव..." मग हळूच, "एक अट हाय. दादाभाऊंना भेटायचं."

पुढच्या रविवारी तो लोणीहून मोटारसायकलवर आला. आण्णांच्या पाया पडला. आण्णांनी लिहिलं: 'म्हणून दाखव.' त्यानं जीव ओतून आरोळी दिली. झाडावरचे पारवे उडाले. आण्णांनी पाटीवर एकच अक्षर लिहिलं: 'ढ'.

इंद्रायणी खो खो हसली. आण्णांचे खांदे हलले, कितीतरी वेळ हलत राहिले.

मग दर रविवारी शिकवणी. आण्णा भरतच्या पोटावर तळवा ठेवत, श्वास कुठून घ्यायचा ते दाखवत. हात वर नेत तसा आवाज वर, खाली आणत तसा खाली. कधी पाटीवर: 'थांबा म्हणून ओरडू नको. थांबव.' कधी: 'घाई कशाची? बैल तुझे का?' एकच गोष्ट दहादा सांगून आण्णा कंटाळत नसत, आणि दहाव्यांदा जमली की शाबासकीला मूठभर शेंगदाणे देत. इंद्रायणी दाराच्या चौकटीला टेकून डोळे मिटून ऐकायची. डोळे मिटले की ओसरीवर जुने आण्णा बसलेले असत.

"बाई, मास्तर तर झक्कास मिळाले," एकदा निघताना भरत म्हणाला. "फी काय घेणार?"

"फी नाही. शिक्षा. पुढच्या रविवारीही यायचं."

"अन् मी आजन्म ढ राहिलो तर?"

"मग... आजन्म यावं लागेल," ती म्हणाली आणि जीभ चावून आत पळाली.

पण फाल्गुनात गाठ पुन्हा उगवली, या वेळी खोल. आण्णा खाटेवर पडले, पाटीवरची अक्षरं वेडीवाकडी होत गेली. शेवटच्या शनिवारी टीव्ही ओसरीवर आणला होता. ढवळ्यानं आरोळी दिली, तेव्हा आण्णांनी हात उचलला, 'रं'वर थोडा वर नेला... आणि तो हळूच गोधडीवर आला, तो पुन्हा उचलला गेला नाही.

तेरावा झाला. घर इतकं गप्प झालं, की श्वासाची ती शीळसुद्धा हवीशी वाटू लागली. भरत संध्याकाळी फोन करायचा. ती म्हणायची, "एकदा म्हणा ना..." तो म्हणायचा. ती ऐकायची, रडायची. मग तो आपल्या आवाजात विचारायचा, "जेवलात का?" ती म्हणायची, "हं."

एके दिवशी तो म्हणाला, "एक सांगू? रागावू नका. मी दोन आवाजांत बोलतो. एकात तुमी हसता, रडता. दुसऱ्यात नुसतं 'हं' म्हणता. ओसरीवरबी मी तोंड उघडलं की तुमी डोळे मिटायच्या. मला... मला कळंना, तुमाला मी पायजे का नुसता आवाज."

तिनं मोठा श्वास घेतला. खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं तिलाही माहीत नव्हतं.

त्यानंतर फोन आला नाही.

चैत्रात गावची जत्रा. यात्रा कमिटीच्या सोमाजींनी पुकारायला भरतला बोलावलं. इंद्रायणी आण्णांची पाटी पिशवीत घालून घाटावर गेली. तेवढेच आण्णा बरोबर. ढगाळ उकाडा होता. पहिला गाडा सुटला, धुरळा उठला आणि भोंग्यातून आण्णा गरजले: "थांबा रं... थांबाऽऽ!" सबंध घाट थबकला. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. इंद्रायणीनं डोळे मिटून घेतले, गालांवरून पाणी वाहू दिलं.

मग भोंग्यात खरखर झाली. "रामराम मंडळी," एक वेगळाच, थोडा पातळ आवाज आला. "पहिला गाडा दादाभाऊंनी पुकारला. त्यांना आता बसू द्या. मी भरत, लोणीचा. पुढचे मी पुकारतो, जमंल तसं."

"ए पावणं, आवाज चढव की! बायकू झोपलीय का घरी?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"बायकू असती तर ती ओरडली असती, मी कशाला?" भोंगा म्हणाला. घाट हसला.

आणि इंद्रायणीनं डोळे उघडले. वर माळ्यावर तो उभा होता. केसांत धुरळा, शर्ट पाठीला चिकटलेला, आवाज फाटत होता, तरी माईक घट्ट धरलेला. गाड्यामागून गाडे गेले. तिनं पुन्हा डोळे मिटले नाहीत.

संध्याकाळी घाट रिकामा झाला. भोंगेवाले वायरी गुंडाळत होते. भरत शिडीवरून उतरला आणि तिला बघून थांबला. बोलायला त्यानं तोंड उघडलं, पण दिवसभर पुकारून घसा पार बसला होता. नुसती हवा आली. ना आण्णांचा आवाज, ना त्याचा.

तिनं पिशवीतून पाटी काढून त्याच्या हातात दिली.

तो कितीतरी वेळ पेन्सिलीचा तुकडा बोटांत फिरवत राहिला. मग लिहिलं. पाटी तिच्याकडं वळवली.

'माझ्याशी लग्न करशील?'

तिनं ते दोनदा वाचलं. मग तिनं वर पाहिलं. त्याच्या भुवयांवर माती होती, खालचा ओठ धुरळ्यानं फुटला होता, आणि उजव्या कानाखाली एक तीळ होता, तो इतक्या रविवारांत तिनं कधी पाहिलाच नव्हता.

"धुरळा बसला," ती म्हणाली. "दिसतोय आता माणूस."