ठाणे ते कल्याण, अर्धा तास

ठाण्याच्या बंदरावर तिने टोपलीचे झाकण उचलले, आणि राखी रंगाचे एक कबूतर माझ्या पागोट्याला पंख घासून वर झेपावले.

"भ्यालात का, कारकून?" ती हसली. "कल्याणला चाललाय तो. मी पोचले म्हनून वयनीला कळल."

"किती वेळ लागतो त्याला?"

"आगगाडीला पाऊण तास. याला अर्धा."

"हे कोणी मोजले?"

"एकदा गाडी सुटली तवाच याला सोडला. दादा कल्याणला उतरून घरी गेला, तर हा दाणे टिपून डुलक्या घेतोय!"

सगुणा तिचे नाव. नवरा वारल्यावर ती भावाच्या घरी राहत असे, आणि दर सोमवारी होडीने ठाण्यास मावशीकडे येई. मीही मिठागरातल्या घरातला, तिच्याच जातीचा. आमच्यात विधवेचा पाट लागतो, दुसरे लग्न होते. आडकाठी होती ती केवळ माझ्या जिभेची. तीन महिने मी तिला अंतरेच विचारीत राहिलो... मुंब्र्याचा डोंगर कबूतर वरून ओलांडते, की वळसा घालते?

"कबुतराचंच विचारा हां," ती म्हणे, "दुसरं काय विचारू नका!"

माघातल्या एका सोमवारी मात्र ती हसली नाही.

"शुक्रवारी बाराच्या ठोक्याला दादा माझे पाटाची सुपारी घेनार, शहाडवाल्याची. ती घेतली की शब्द मोडता येत नाय." तिने टोपली माझ्या हाती दिली; वर एक लाल दोरा. "तुमचे मनात असल तर हा याच्या पायाला बांधा नि सोडा. बाराच्या आत आला, तर मी दादाला नाय म्हनन."

"आणि न आला तर?"

"तर... बोलायच्या तरासातून सुटलात!"

शुक्रवारी सकाळपासून तो दोरा माझ्या बोटांत होता. होय म्हणायचे होतेच. पण तिला सुखात ठेवण्याजोगा मी आहे काय, हे मन पुनःपुन्हा विचारी. वाट अर्ध्याच तासाची... घाई कशाची? कचेरीच्या घड्याळात सव्वाअकरा झाले, तेव्हा मी झाकण उघडले. पाव तास हाताशी राखून!

संध्याकाळच्या गाडीने, नवे उपरणे आणि रिकामी टोपली घेऊन, मी कल्याणास उतरलो. फलाटावरचे घड्याळ पाहिले, आणि चूक कळली. रेल्वेची घड्याळे मद्रासच्या वेळेने चालत — गावाच्या, म्हणजे माझ्या कचेरीच्याही, वेळेपुढे अर्धा तास. तिचा दादा स्टेशनातला कंदीलवाला. त्याच्या घरचे बारा तिथलेच. हे मला ठाऊक होते. साऱ्या ठाण्याला ठाऊक होते.

सगुणा ओट्यावर बसली होती, कबूतर मांडीवर.

"आला," ती म्हणाली. "सुपारी घेऊन पाव तास झालेला."

"घड्याळात चूक झाली, सगुणा... माझ्या मनात तर पहिल्या दिवसापासून तूच —"

"आज बोललात!" तिने मान वळवली. "घड्याळाला कशाला दोष? सकाळ किती मोठी होती, कारकून."

मी टोपली ओट्यावर ठेवली.

"याला न्या ठाण्याला. माझेमागं कोन दाणे घालील? पन सोडू नका हां. हा हितंच येल, अर्ध्या तासात... नि मी शहाडला असन."

तिने त्याच्या पायाचा दोरा सोडून माझ्या तळहातावर ठेवला, आणि त्याला टोपलीत. मी त्या दोऱ्यानेच टोपलीचे झाकण बांधू लागलो. गाठ बसेना. तेव्हा तिने क्षणभर गाठीवर आपले बोट धरले.