पाचवी लाइन

बसा मास्तर. वीज गेली की माझं सोल्डरिंगही थंड आणि मीही थंड. हा बॅटरीचा दिवा तासभर तरी दम काढेल, तोवर बोलू.

तुमचं काम काही अवघड नाही. शाळेच्या बागेला ठरल्या वेळी पाणी, दोन दिवे, एक पंप. जुना कॉम्प्युटर तुम्ही आणलाच आहे. त्याच्या पाठीमागे प्रिंटरसाठी ठेवलेलं पंचवीस भोकांचं लांबट तोंड आहे ना, तो पॅरलल पोर्ट. प्रिंटर आता त्याला कुणी लावत नाही, पण आमच्यासारख्या खटपट्या लोकांचा त्याच्यावर फार जीव. आठ लाइनींवरून हुकूम बाहेर जातो, पाच लाइनींवरून खबर आत येते. बाहेरच्या लाइनीवर एक लिहिलं की रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, कट् करून ओढला जातो आणि दिवा लागतो, शून्य लिहिलं की विझतो. त्या आठही मी तुम्हाला जोडून देईन. फक्त एक लक्षात ठेवा, आधी कॉम्प्युटर पुरता सुरू होऊ द्या आणि मगच रिलेंना वीज द्या. नाहीतर सुरू होताना पोर्ट बावचळतो आणि पंपासकट सगळं एकदम चालू होतं.

आत येणाऱ्या पाच लाइनींना मात्र मी हात लावणार नाही. मघाशी तुम्ही हसलात. हसा खुशाल, पण ऐकून घ्या.

माझी आई या दुकानाच्या वरच्या खोलीत वारली. दुपारची चारची वेळ होती. शेवटचे काही महिने ती अंथरुणालाच होती. काही हवं असलं की पेल्यावर चमचा वाजवायची. दोनदा, मग जरा थांबून एकदा. टण टण... टण. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाचा अँप्लिफायर दुरुस्त झाला होता आणि मी इथे बसून तो मोठ्याने वाजवून बघत होतो. स्वतःच्या कामावर खूश होतो. वर गेलो तेव्हा चमचा जमिनीवर पडलेला होता आणि पेला वाकडा झाला होता. किती वेळ वाजवत होती कुणास ठाऊक. ताई तेव्हा मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दोन वर्षांनी बाबांचं उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. त्याच खोलीत त्यांची खाट टाकली. दवाखान्यातली जुनी लोखंडी खाट, दोन्ही बाजूंना कठडे. कठड्याची खिट्टी बाहेरच्या अंगाला, खाली. आतल्या माणसाचा हात तिथे पोचत नाही. ताई म्हणाली, "साधी बेल लाव रे एक, झालं." साधी बेल लावून माझं समाधान होणार होतं थोडंच! या वेळी मला ऐकू आलं नाही असं होऊन चालणार नव्हतं. मी आईच्या टेबलावर जुना कॉम्प्युटर मांडला, पोर्टमधून वायरी काढल्या आणि बाबांच्या डाव्या हाताशी चार बटणांची डबी दिली. पहिलं दाबलं की खाली दुकानात बेल. दुसऱ्याने दिवा, तिसऱ्याने पंखा. चौथं बटण बोलण्यासाठी. एकदा दाबलं की हो, दोनदा दाबलं की नाही. कुठलं बटण किती वाजता दाबलं त्याची ओळ पडद्यावर उमटायची. पाचवी लाइन रिकामी होती, तिला बटणच नव्हतं. पुढेमागे लागेल म्हणून प्रोग्राममध्ये मी तिलाही खालच्या बेलशी जोडून ठेवलं होतं.

पहिल्यांदा चालू केलं तर बेल थांबेचना. मी डोक्यावर हात मारला. त्या पाच लाइनींमधली एक पोर्टच्या आतच उलटी केलेली असते. बाकीच्या चार जिथे एक सांगतात तिथे ती शून्य सांगते. शिकाऊ माणूस हमखास तिथे फसतो, आणि पंधरा वर्षं या धंद्यात काढून मीही फसलो. प्रोग्राममध्ये एक चिन्ह बदललं आणि बेल गप्प झाली. बाबा तोंडाच्या एका कोपऱ्याने हसले. तो आमचा शेवटचा चांगला दिवस म्हणायला हरकत नाही.

आठवड्याभराने चारच्या सुमारास बेल वाजली. वर गेलो तर बाबांचा हात छातीवर, डबी बाजूला. पडद्यावर बघितलं, पाचवी लाइन. म्हटलं, आपलीच काहीतरी चूक. रिकामी लाइन म्हणजे उघडं दार, जवळपास पंपाची मोटर सुरू झाली तरी तिला हुडहुडी भरते. म्हणून तिला एक रेझिस्टर लावून पाच व्होल्टला बांधून टाकली. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा वाजली. या वेळी मी नीट ऐकलं. दोनदा, मग जरा थांबून एकदा.

मास्तर, मी तिथेच पायरीवर बसलो.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी उठून पोर्टला लावलेल्या प्लगमधली अकरा नंबरची पिन पकडीने तोडून काढली. ती पाचव्या लाइनीची पिन. या खणात काड्यापेटीत आहे अजून, दाखवतो हवी तर. पिनच नाही म्हणजे खबर येणार कुठून? चार वाजले आणि बेल वाजली. टण टण... टण.

खरं तर प्रोग्राममधली पाचव्या लाइनीची एक ओळ पुसली असती की काम झालं होतं. अर्ध्या मिनिटाचं काम. मी कर्सर तिथवर नेला आणि हात चालेना. मनात आलं, ती बोलावते आहे आणि मी पुन्हा कान बंद करतोय. ओळ तशीच ठेवली. मग रोज चारला बेल वाजली की मी इथूनच म्हणायचो, "हो गं आई, ऐकलं." आणि बेल थांबायची. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटायचं. छातीवरचं ओझं जरा हलकं व्हायचं.

बाबा मात्र बिथरले होते. जेवण अर्ध्यावर सोडायचे, टेबलाकडे एकटक बघत राहायचे. आणि मधूनच चौथं बटण दोनदा दाबायचे. नाही. थोडं थांबून पुन्हा दोनदा. नाही. मी वैतागायचो.

"कशाला नाही, बाबा? मी तर काही विचारलंच नाही!"

ते माझ्याकडे बघायचे आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. म्हटलं, आईची आठवण येत असेल. माणूस स्वतःला हवा तो अर्थ काढतो, मास्तर. मी तर त्यात पटाईत.

महिन्याभराने एका शुक्रवारी दुपारी इथे असाच एक अँप्लिफायर उघडून बसलो होतो. चार वाजले, बेल वाजली. मी म्हटलं, "हो गं, ऐकलं." ती थांबली नाही. टण टण... टण. टण टण... टण. मी पुन्हा म्हटलं. बेल आणखी घाईला आली. मग मात्र मी दोन दोन पायऱ्या चढत वर पळालो.

बाबा खाटेवरून अर्धे खाली लोंबत होते. डोकं खाट आणि टेबल यांच्यामध्ये अडकलेलं, तोंड उशीत दबलेलं, चेहरा काळानिळा. बटणांची डबी वर गादीवर, हाताच्या कितीतरी लांब. टेबलाकडचा कठडा खाली पडलेला होता. मी त्यांना कसं उचललं ते मला आजही आठवत नाही. श्वास परत आला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टर म्हणाले, "दोन मिनिटं उशीर झाला असता तर..."

डॉक्टर गेल्यावर मी त्या टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडलो. "आई," म्हटलं, "तू होतीस म्हणून ते वाचले." मागे बटणाचा आवाज येत होता. दोनदा. थांबून दोनदा. थांबून दोनदा. मला वाटलं, बाबांना दवाखान्यात जायचं नाहीये.

ताईने फोनवरच ठरवून टाकलं. "उद्या गाडी घेऊन येते. बाबा माझ्याकडे राहतील. तुझ्याच्याने व्हायचं नाही रे हे." मी वाद घातला नाही. कठडा माझ्याच हातून उघडा राहिला, यात मला शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी ताईची वाट बघत आम्ही दोघे बसलो होतो. चार वाजत आलेले. खिडकीतून ऊन येत होतं, खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती काही सुरू होत नव्हती. मला राहवेना.

"बाबा, माफी मागायची होती... कठडा मीच उघडा ठेवला होता ना?"

दोनदा. नाही.

"मी खिट्टी लावली होती?"

एकदा. हो.

"मग... तुम्ही काढली?" विचारताना मलाच कळत होतं, त्यांचा हात तिथे पोचत नाही.

दोनदा.

खालची स्कूटर एकदाची सुरू झाली आणि निघून गेली. खोली फार शांत झाली. तेल जळल्यासारखा वास येत होता, तापलेल्या ट्रान्सफॉर्मरला येतो तसा. मी हळूच विचारलं, "इथे कुणी येतं का, बाबा?"

एकदा.

"आई... ना?"

बाबांनी बटण दोनदा दाबलं. जोर लावून, बोटाचं नख पांढरं पडेपर्यंत. पडद्यावर चौथ्या लाइनीच्या दोन ओळी उमटल्या. आणि मी बघत असताना त्यांच्या खाली आणखी एक ओळ उमटली. पाचवी लाइन. एकदाच.

खाली दुकानात बेल वाजली. एकदाच.

हो.

बाबांनी पुन्हा दोनदा दाबलं. नाही. खालून पुन्हा एकदा वाजली. हो. बाबा माझ्याकडे बघत होते आणि दाबत होते. नाही, नाही. त्यांच्या डोळ्यांत आईची आठवण नव्हती, मास्तर. ती भीती होती, आणि रोज बघूनही मला ती ओळखता आली नव्हती. ते महिनाभर उत्तर देत होते, आणि मी रोज चारला, इथे खाली बसून, त्या दुसऱ्याला हो म्हणत होतो.

मी झडप घालून कॉम्प्युटरचा विजेचा प्लग उपटला. पडदा विझला. बेल थांबली. मग टेबलाकडच्या बाजूला खाली खट् असा आवाज झाला. मी वाकून बघितलं. कठड्याची खिट्टी निघालेली होती. मी ती लावली आणि ताईची गाडी येईपर्यंत दोन्ही हातांनी कठडा धरून उभा राहिलो.

त्याला आता पाच महिने झाले. तो कॉम्प्युटर मी सुटा करून भंगारात दिला. बाबा ताईकडे आहेत, तिसऱ्या मजल्यावर, नवी खाट, नवी माणसं. तिथे पोर्ट नाही, वायर नाही, बटणांची डबी नाही. ताई दर रविवारी फोन करते. तब्येत सुधारते आहे म्हणते, वजन वाढलं आहे.

परवाच्या रविवारी म्हणाली, "एक विचारू? दुपारी चारच्या सुमाराला बाबा डाव्या हाताचं बोट गादीवर आपटतात. दोनदा. जरा थांबून पुन्हा दोनदा. तुझ्या त्या मशीनवर नाही म्हणायचे ना, तसं."

मी म्हटलं, "तू काहीतरी विचारलं असशील."

"नाही रे," ताई म्हणाली. "मी तर स्वयंपाकघरात असते."