लाल-सोनेरी माशी

“राखी बांधायच्या वेळी तू हात मागे का घेतलास?”

हा प्रश्न आज अद्वयला विचारायचाच, अशी पैज माझ्या मैत्रिणींनी, स्वरांगी आणि नीव्हने, ग्रुपवर लावली होती. नाही विचारला, तर सोमवारी भर कँटीनमध्ये त्या माझ्या नावाने गाणं म्हणणार! पण खरं सांगू? पैजेची गरजच नव्हती. नऊ महिने मी आतून धुमसत होते.

गेल्या ऑगस्टमध्ये सँट्री उपनगरातल्या हॉलमध्ये इथल्या मराठी मंडळाची राखीपौर्णिमा होती. “ईशानी, तुला भाऊ नाही, अद्वयला बहीण नाही. बांध!” म्हणत आईने तबकच हातात दिलं. मी राखी स्वतः केली होती, लाल रेशीम, सोनेरी जर… आणि हा पठ्ठ्या हात खिशात घालून थेट पार्किंगमध्ये! राखी खाली पडली. सगळे हसले. माझे कान अजून तापतात.

आणि आज नास गावाजवळच्या तळ्यावर ट्राउट पकडायला आमची दोन्ही घरं एकत्र. त्याचे बाबा, केदारकाका, माझ्या बाबांच्याच ऑफिसात, सुटका नाही. निघतानाच आई म्हणाली होती, “अद्वयदादाकडून नीट शिकून घे गं. आणि यंदा राखी राहायला नको.”

दादा म्हणे! माझ्याहून जेमतेम दहा महिन्यांनी मोठा.

माझा प्रश्न ऐकून तो टोपीपर्यंत लाल झाला. “आधी… गळाची लाइन टाक,” तो पुटपुटला.

“विषय बदलू नकोस.”

“चाबूक मारल्यासारखी टाकतेयस. मासे शॅनन नदीपर्यंत पळतील.”

“पळू देत. पळण्यात तर तू एक्स्पर्ट!”

“अगं, मागे नेलीस की थांब जरा. लाइन मागे सरळ होऊ दे, मग पुढे.”

“नऊ महिने थांबलेय मी!”

सट्कन मारली. गळ त्याच्या टोपीत. त्याने शांतपणे सोडवला. “ग्रँड,” म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत ‘चालतंय’.

“अजून एकदा ग्रँड म्हणालास ना, तर तळ्यात ढकलीन.”

त्याने खिशातून पत्र्याची छोटी डबी काढली. उघडली, मिटली… परत उघडली. माशांना भुलवायला गळावर बांधलेली एक नकली माशी माझ्या लाइनला अडकवली. “ही हरवू नकोस हं. एकच आहे.”

भुरभुर पाऊस सुरू झाला. या वेळी मी थांबले. एक… दोन… लाइन हलकेच पाण्यावर टेकली. आणि खेच!

“अद्वय! अद्वय!”

“रॉड वर धर! वर!” तो जाळं घेऊन धावला. “आता हात ओले कर. कोरड्या हाताने धरलं की त्यांची कातडी दुखावते.”

चार हात गार पाण्यात. जाळ्यात गुलाबी पट्ट्याचा ट्राउट, आणि त्याच्या ओठात ती माशी. मी वाकून बघितलं. लाल रेशीम. सोनेरी जर.

“ही… माझी राखी?”

“पडली होती. नंतर उचलली मी.”

“आणि गळाला बांधलीस?!”

“हातावर नको होती, ईशानी.” तो माशाकडेच बघत होता. “पण फेकवतही नव्हती.”

“का नको होती?”

“बांधली असतीस तर मी तुझा दादा झालो असतो ना… कायमचा.” त्याने जाळं सावरलं. “आणि मला तर तू आवडतेस.”

“मग हे तेव्हाच सांगता येत नव्हतं? सगळ्यांसमोर माझा पोपट केलास!”

“चुकलं. सॉरी. घाबरलो होतो.”

मी चिडलेलीच होते, शप्पथ! फक्त मधूनच हसू येत होतं, त्याचाही राग येत होता.

गळ अलगद निघाला. मासा दम खाईपर्यंत आम्ही त्याला पाण्यातच धरून ठेवलं. अद्वयची बोटं माझ्या बोटांना लागली.

“आता हात मागे घेतलास, तर बघ.”

नाही घेतला. मासा गेला, तरी नाही.

“ईशानी!” वरच्या बाकावरून आईची हाक. “अद्वयदादाला घेऊन ये, पोहे गार होतायत!”

मी तरातरा वर गेले. हातातून पाणी ठिबकत होतं. मागे अद्वय, समोर आई, आणि चहाचा कप तोंडाशी नेलेले बाबा.

“आई, बाबा, माझं ठरलंय. यंदा मी अद्वयला राखी बांधणार नाही. पुढच्या वर्षीही नाही. आणि आजपासून त्याला दादा म्हणणार नाही.”